हॉस्पिसमधल्या नातेवाइकांचा डबा: किती, काय आणि कसा

प्रश्न असा आहे: शहरात १६ खाटांचं हॉस्पिस आहे, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणारं ठिकाण. रुग्णाजवळ थांबणाऱ्या घरच्या माणसांच्या जेवणाचे हाल होतात. आम्ही दहा-बारा जण मिळून रोज डबा द्यायचं म्हणतोय, तर सुरुवात कशी करावी?

रोज नको. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवा, समजा मंगळवार आणि शुक्रवार, आणि तीन महिने त्या दोन्ही एकदाही चुकवू नका. रोजचा डबा सुरू करून पाचव्या आठवड्यात बंद पडला, तर त्या डब्याच्या भरवशावर बाहेरची सोय न केलेला माणूस त्या रात्री उपाशी झोपतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर शेजारून पिठलं-भात येतो, कडू घास द्यायला भावकी जमते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र त्याच घरातली बाई चहा-बिस्किटांवर काढत असते. डबा त्या आठवड्यांसाठी आहे, आणि किती डबे दिले यापेक्षा किती खाल्ले गेले हाच त्याचा हिशोब ठेवायचा. पुढचं सगळं त्या एका हिशोबासाठी.

स्वयंपाकाला लागण्याआधी मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा सोशल वर्करबरोबर बसून अर्धा तास बोला. वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र १९९७ पासून आहे. पण एका ठिकाणचा शिरस्ता दुसरीकडे लागू पडेल असं नाही. कुठे नातेवाइकांचं जेवण संस्थाच देते, कुठे फक्त रुग्णाचं, कुठे मुक्कामाला एकालाच परवानगी असते. म्हणून विचारायचं ते नेमकं विचारा: रात्री किती जण राहतात, कँटीन किती वाजता बंद होतं, डॉक्टरांचा राउंड कधी असतो, ड्रेसिंग कधी होतं, पाणी गरम करायची आणि डबा धुवायची जागा आहे का. बहुतेक ठिकाणी खरी अडचण रात्रीच्या जेवणाची निघते. दुपारी कोणी ना कोणी घरून काहीतरी आणतं. रात्री आठनंतर उरलेल्या एकट्या माणसाला रुग्णाला सोडून खाली उतरता येत नाही.

परळला टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर अन्नवाटप चालतं, ते डोळ्यांसमोर ठेवून बरेच गट येतात. ती पद्धत इथे चालत नाही. तिथे माणूस रांगेत येऊन उभा राहू शकतो. इथे त्याला खाटेजवळून उठायचंच नसतं. शंभर जणांची खिचडी एका मोठ्या पातेल्यात ढवळण्यापेक्षा वीस जणांचा डबा वीस वेगवेगळ्या वेळी खाता येईल असा करणं हे निराळं काम आहे.

१६ खाटांचा आकडा असा धरा. रात्री खाटेमागे एक म्हणजे १६, ज्या दोन-तीन रुग्णांचा शेवट जवळ आलाय त्यांच्याकडे आणखी चार-पाच. रात्रपाळीच्या मावशी आणि वॉर्डबॉय यांचे तीन. एकूण २३-२४, म्हणून २५ धरा. कर्मचाऱ्यांचे डबे हिशोबात न धरणं ही पहिल्या महिन्यातली हमखास चूक. चार मजले चढून तुमचे डबे पोचवायला ज्या मावशी मदत करतात, त्यांच्यासमोरून डबे नुसते पुढे गेले की आठवडाभरात लिफ्टची किल्ली सापडेनाशी होते. शिवाय त्याही भुकेल्याच असतात.

<b>रुग्णाला नाही, हे आधी स्पष्ट करा</b>

डबा घरच्यांसाठी. रुग्णाच्या तोंडात स्वयंसेवकाने काहीही घालायचं नाही, प्रसादसुद्धा नाही. गिळण्याची ताकद कमी झालेली असते, घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका, पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. कोणाला राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, असते. रुग्णाने स्वतःहून मागितलं, "थोडं वरण द्या" म्हणाला, तर सिस्टरना सांगा. त्या बघतील. कधी चमचाभर पुरतं, कधी नुसते ओठ ओले करतात.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे. शेवटच्या दिवसांत भूक मरते. शरीर अन्न मागत नाही आणि बळेच भरवलं तर त्रासच होतो. घरच्यांना हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तरी "ते काही खात नाहीत, मग माझ्या घशाखाली कसं उतरेल" हे जात नाही. डबा जसाच्या तसा परत येण्याचं हे मोठं कारण. स्वयंसेवकाने "त्यांना दोन घास भरवून बघा ना" म्हटलं, की त्या अपराधी वाटण्यात भर पडते. "खायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही आजारी पडाल" हेही नको. डबा हाताशी ठेवायचा, झाकण घट्ट, आणि निघायचं. भूक रात्री साडेदहालाही लागते.

वासाचा विचार दोन्ही बाजूंनी करा. लसणाची फोडणी, सुकट, अंडं यांच्या वासाने रुग्णाला मळमळतं. उलट चिघळलेल्या जखमेचा वास असलेल्या खोलीत घरच्यांना जेवण जात नाही. म्हणून डबे वॉर्डात उघडायचे नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जार अशी जागा मागून घ्या. खाट दिसेल अशी असली तर उत्तम, माणूस निवांत बसतो.

<b>काय करायचं</b>

कसोटी सोपी आहे. पदार्थ एका हाताने खाता यावा, अर्धा खाऊन उठावं लागलं तर तासाभराने पुन्हा खाता यावा, आणि गार झाल्यावर चव जाऊ नये. पुरी या कसोटीत नापास, चामट होते. पिठलं गार झालं की वडी होते, करायचंच तर नेहमीपेक्षा बरंच सैल ठेवा. रस्सा सांडतो. पालेभाजी पाणी सोडते आणि पोळी भिजवते. मटकीची कोरडी उसळ, कोबी, फरसबी, भेंडी, सिमला मिरचीची पीठ पेरून भाजी, दुधी-चणाडाळ हे टिकतात. सोबत शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दही घातलेली कोशिंबीर नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. फळ द्यायचं ते सालीसकट: केळं, मोसंबी, पेरू. कापलेलं नाही.

तिखट कमी ठेवा. हे लोक दिवसभर उपाशी पोटी सात-आठ कप चहा पितात, पित्त आधीच खवळलेलं असतं. मीठही बेताचंच, कारण रात्री थांबणारे पुष्कळदा साठीचे, बीपी-शुगरवाले जोडीदार असतात. गोड रोज नको, डब्यात घातलंच तर वेगळ्या वाटीत.

२५ जणांचं माप, कच्चं धान्य: तांदूळ २ किलो (माणशी ८० ग्रॅम), तूरडाळ ८५० ते ९०० ग्रॅम, कणीक २ किलो आणि लाटायला पाव किलो पीठ (माणशी तीन मध्यम पोळ्या म्हणजे ७५), भाजी निवडून-चिरून ३.५ किलो, म्हणजे बाजारातून साधारण ४.५ किलो. फरसबीला तूट कमी, फ्लॉवरला फार. तेल फोडणी आणि पोळ्या धरून ३५० मिली. खिचडी एवढंच जेवण असेल तर तांदूळ १.५ किलो, मूगडाळ ७५० ग्रॅम, पाणी ९ ते १० लिटर. खिचडी डब्यात बसल्यावरही पाणी पीत राहते, त्यामुळे पातेल्यात जरा पातळ वाटते तीच डब्यात नीट लागते.

पाच माणसांचं माप पाचपट केलं की फसतं. मोठ्या पातेल्यातून वाफ प्रमाणाने कमी जाते, म्हणून वरणभाताचं पाणी पाचपट लागत नाही, थोडं कमी पुरतं. तिखट चौपट घालून चव बघा. मीठ दोनदा घाला: निम्म्याहून जास्त शिजताना, उरलेलं शेवटी. खारट झालेली पाच लिटर आमटी बटाटे टाकून सुधारत नाही. बिनमिठाचं वरण आणखी शिजवून त्यात मिसळणं हाच उपाय.

पोळ्यांचं तंत्र वेगळं सांगायला हवं, कारण तक्रारी यांच्याच येतात. तव्यावरून उतरवलेली पोळी थेट चळतीत ठेवली तर वाफ धरून खालच्या पोळ्या ओल्या होतात. जाळीवर मिनिटभर निवू द्या, मग सुती कापडात चळत करा. कणीक मळताना किलोला तीन-चार चमचे तेल आणि अर्धा तास मुरायला वेळ, एवढ्यावर पोळी चार तास मऊ राहते. ७५ पोळ्या एकीने लाटून-भाजून दीड-दोन तास जातात. दोन शेगड्या, दोघीजणी असं करा किंवा पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून विकत घ्या. यात कमीपणा काही नाही. थकलेल्या स्वयंसेवकाच्या वातड पोळीपेक्षा विकतची मऊ पोळी बरी.

<b>शिजल्यापासून खाईपर्यंत</b>

इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची: ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितका धोका. गॅस बंद केल्यापासून खाईपर्यंत दोन तास हे उद्दिष्ट, चार तास ही शेवटची हद्द. त्याच्या पुढे गेलेलं फेकायचं. सळईचा थर्मामीटर घ्या, स्वस्त मिळतो. डबे भरताना आतलं अन्न ७० च्या वर दिसलं पाहिजे.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि जे विष करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे "सकाळचा भात आहे, फोडणी देऊन टाकू" हे या कामात पूर्ण बंद. वरण-खिचडीची मोठी पातेली मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतात, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. काही आधी करून ठेवायचंच असेल तर दोन इंच खोलीच्या पसरट परातीत ओतून, परात गार पाण्यात ठेवून निववा, मग फ्रिज. पातेलं झाकून ओट्यावर ठेवणं म्हणजे त्या जिवाणूंना उबवणी दिल्यासारखं आहे.

हॉट बॉक्स वापरत असाल तर आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग अन्न भरा. आणि काठोकाठ भरा. अर्धा रिकामा बॉक्स उष्णता पटकन सोडतो, २५ जणांना ५० चा बॉक्स घेऊ नका.

जुलाब-उलट्या झालेल्या माणसाने त्या थांबल्यानंतर ४८ तास स्वयंपाकघरात यायचं नाही. बोटाला कापलं असेल तर पट्टी आणि वर हातमोजा, नाहीतर त्या दिवशी वाटप करा. प्रत्येक पदार्थाची वाटीभर वानगी तारीख लिहून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कोणाचं पोट बिघडलं तर कारण शोधता येतं, आणि तुमच्या अन्नाने नाही हेही दाखवता येतं.

कायद्याचं थोडक्यात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो, दोन्ही येतं. म्हणजे मोफत डबाही त्यात आला. फॉसकॉस (FoSCoS) या सरकारी अन्नपरवाना पोर्टलवर नोंदणी करून घ्या आणि कागद हॉस्पिसच्या कार्यालयात द्या. लग्नाचं उरलेलं जेवण आणून देण्याचे फोन येतात. त्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत, पण नियमांपर्यंत जाऊच नका, नाही म्हणा. ते कधी शिजलं, कुठे किती वेळ उघडं होतं हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नसतो.

डबे स्टीलचे, दोन कप्प्यांचे, गरजेच्या दुप्पट आणि वर पाच-सहा. कारण आजचा डबा उद्याच परत येईल असं नाही, आणि तो घासून देण्याची जबाबदारी घरच्यांवर टाकायची नाही. डब्याबरोबर जुन्या कागदात चमचा. टाकाऊ भांडी वापरायची वेळ आली तर उसाच्या चोथ्याची किंवा पत्रावळीची. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. डब्यावर खाट क्रमांक लिहा, रुग्णाचं नाव नको. व्हॉट्सअ‍ॅप गटावरही "खाट ७, दोन डबे, एक बिनकांद्याचा" एवढंच. आजार, नाव, फोटो काही नाही.

<b>खाणं-पिणं पाळणारे</b>

दाखल होतानाच सोशल वर्करकडून तीन गोष्टी कळल्या की पुरतं: उपवासाचे वार, वर्ज्य पदार्थ, शुगर आहे का. अशा वेळी माणसं नवस बोलतात आणि एरवी न करणारेही संकष्टी, एकादशी, गुरुवार धरतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी सोयीची वाटते, पण गार झाली की गोळा होते आणि आधीच आखडलेल्या पोटाला जड जाते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी बरी. मात्र भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत येतात, कारण ओल धरून त्यात बुरशी लागते. सुटी भगर घेऊ नका, पीठ तर दळलेलं आणूच नका. पाकीटबंद भगर निवडून, धुऊन त्याच दिवशी शिजवा. उकडलेलं रताळं आणि केळं हा सगळ्यात निर्धास्त उपवासाचा डबा.

जैन कुटुंबाला कांदा-लसूण-बटाट्याशिवाय आणि सूर्यास्ताआधी डबा लागेल. रमजानमध्ये मुसलमान कुटुंबाचा डबा रात्री आठला देण्यापेक्षा इफ्तारच्या वेळेआधी पोचवा, आणि सहरीसाठी खजूर, केळी, पराठा वेगळा बांधून द्या. सगळा डबा शाकाहारी ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतात.

पितृपक्षात एक वेगळीच पंचाईत होते. देणगीदार वाढतात आणि "वडिलांच्या तिथीचं जेवण हॉस्पिसमध्ये देऊ" म्हणतात. ज्यांचं माणूस अजून श्वास घेतंय त्यांच्या हातात श्राद्धाचं अन्न जाणं कसं वाटेल, याचा विचार देणाऱ्याच्या मनात नसतो. अशांकडून कोरडा शिधा घ्या, त्यांच्या समाधानासाठी तिथी वहीत लिहून ठेवा, डब्यावर आणि बोलण्यात काही येऊ देऊ नका. वाढदिवसाची जिलबी, नावाचा फलक, वाटपाचा फोटो यांनाही हाच नियम.

<b>हातात देताना</b>

वाटपाला दोघांहून जास्त नकोत. "कसे आहेत?" विचारू नका. त्याचं उत्तर देऊन देऊन माणूस थकलेला असतो. "ताई, पोळ्या दोन देऊ की तीन?" असं विचारा. याचं उत्तर देता येतं. झोपलेल्याला उठवू नका, डबा सिस्टरच्या टेबलावर वेळ लिहून ठेवा, किती वाजेपर्यंत खायचा तेही लिहा. कोणी स्वतःहून बोलायला लागलं तर उभ्याने ऐकू नका, खुर्ची ओढून बसा. बाकीचे डबे दुसऱ्याने द्यावेत.

"फुकटचं नको" म्हणणारे भेटतातच, विशेषतः आजवर दुसऱ्यांना वाढत आलेले शेतकरी कुटुंबातले काका. त्यांच्याशी वाद घालू नका. टेबलावर एक डबी ठेवा, वाटेल ते टाका म्हणा. दहा रुपये टाकले की डबा त्यांचा होतो.

घरातल्या मृत्यूला वर्षही झालेलं नाही अशा स्वयंसेवकाला वाटपाला पाठवू नका. तो मनापासून येतो, पण तिसऱ्या खाटेशी त्याचाच बांध फुटतो. त्याला चिरायला, भरायला, हिशोबाला ठेवा.

मृत्यू झाला त्या रात्री डबा पुढे करू नका. कागद, ॲम्ब्युलन्स, गावाकडचे फोन यात तीन-चार तास जातात, आणि अंत्यविधी होईपर्यंत बरेच जण अन्नाला शिवत नाहीत. पाणी, चहा, लिंबू सरबत आणि बिस्किटं टेबलावर असू द्या. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणारं कोण आहे ते सिस्टरना विचारून त्या माणसापर्यंत सरबत नक्की पोचवा, कारण औषध घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरू शकते. लहान मुलांना बाजूला नेऊन केळं किंवा पोळीचा लाडू द्या. मोठ्यांच्या गडबडीत त्यांचं खाणं राहून जातं. मृतदेह घेऊन लांबच्या गावी निघणाऱ्यांबरोबर दशम्या, कोरडी चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बांधून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवा. हे सामान आदल्या दिवशी करून ठेवता येतं, म्हणून चार माणसांचं एक पुडकं नेहमी तयार असावं आणि दर दोन दिवसांनी बदलावं.

घरीच शुश्रूषा चालू असलेल्या कुटुंबांचीही यादी हॉस्पिसकडे असते. केरळात १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या) चळवळीत गावोगावचे स्वयंसेवक गरीब रुग्णांच्या घरी धान्य पोचवतात, ते इथेही जमण्यासारखं आहे. चौघांचा आठवड्याचा शिधा: तांदूळ ४ किलो, कणीक ४ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ आणि शेंगदाणे अर्धा-अर्धा किलो, पोहे १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहा पाव किलो. मात्र शिधा आला तरी शिजवणारं माणूस रुग्णाच्या उशाशीच असतं. म्हणून त्याच घरी आठवड्यातून दोनदा शिजवलेला डबाही द्या, निदान पोळ्या.

<b>माणसं आणि वही</b>

एका संध्याकाळच्या २५ डब्यांना तीन जण स्वयंपाकाला, एक भरायला आणि घासायला, एक वाहन घेऊन. बारा जणांत दोन तुकड्या होतात आणि दोघं राखीव उरतात. दोन वारांना हे पुरतं, सात वारांना पुरत नाही. भाजी आदल्या संध्याकाळी आणून निवडून ठेवा, पाच वाजता शेगडी पेटवा, पावणेसातला भरणं, सातला निघणं, साडेसात ते आठ वाटप. एका जवळच्या खानावळीशी आधीच बोलून ठेवा: दोघी एकदम आजारी पडल्या, गॅस संपला, पावसात रस्ता तुंबला, तर दुपारी चारपर्यंत फोन केल्यास २५ डबे मिळतील असं. त्यासाठी दोन वेळचे पैसे वेगळे ठेवा.

वहीत तारखेसमोर चार रकाने: किती दिले, किती परत आले, डब्यात काय उरलं, किती वाजता खाल्लं. तिसरा रकाना नीट वाचा. भात उरतोय आणि पोळ्या संपताहेत तर तांदूळ २ किलोवरून १.५ वर आणा. भाजी सगळ्यांचीच उरली तर ती बिघडली होती. एकाच खाटेचा डबा सलग दोनदा बंदच परत आला तर सिस्टरना सांगा, डब्यात बदल करू नका. आणि सलग सहा आठवडे निम्म्याहून अधिक डबे पूर्ण रिकामे आले, एकदाही खानावळीला फोन करावा लागला नाही, राखीव दोघं अजून राखीवच आहेत, अशी स्थिती असेल तेव्हा तिसरा वार वाढवा. रविवार घ्या, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी कँटीन बंद असतं.